मोटरचं वजन

करवतीच्या मशीनचा पट्टा तुटला तो दिराच्या हातून. तसा पट्टा म्हाताराच झाला होता, पण मशीन चालू करण्याआधी पात्यावर एकदा नजर टाकावी एवढी अक्कल कोणालाही असते. दिराला नव्हती. मशीन विकत घ्यायला आलेल्या फर्निचरवाल्यासमोर त्याने ऐटीत बटण दाबलं. पातं कोणी उगाच फिरवू नये म्हणून टेबलाच्या खाचेत लाकडाची पाचर ठोकलेली होती. त्यामुळे पातं जागचं हललं नाही, मोटर मात्र फिरायला लागली. टेबलाखालून कानठळ्या बसवणारी किंकाळी उठली, जळक्या रबराचा धूर आला आणि तीन पट्ट्यांपैकी एक फाट्कन तुटला.

सुतारीण दारात उभी होती. पाचर तिनेच ठोकली होती. दीर बटणाकडे हात नेताना तिला दिसला, पाचर दिसली, पुढे काय होणार तेही दिसलं. ‘थांबा’ म्हणायला काही जोर लागत नाही. पण तिला ते म्हणावंसंच वाटलं नाही. पट्टा तुटल्यावर ती आत आली, बटण बंद केलं, पाचर ठोकून काढली आणि परत दारात जाऊन उभी राहिली.

फर्निचरवाला समजूतदार माणूस होता. “पट्टे तेवढे बदलून ठेवा,” तो म्हणाला. “चालताना बघितली की उचलतो. परवा दुपारी टेंपो घेऊनच येतो.”

“फिटर बोलावतो मी,” दीर म्हणाला.

“मी बसवते,” सुतारीण म्हणाली.

“तुम्ही? वहिनी, अहो, तुम्ही कशाला त्या ग्रीसमध्ये हात घालता!”

त्या ग्रीसमध्ये तिचे हात लग्न झाल्यापासून होते. गल्लीत तिला सुतारीण म्हणत ते सुताराची बायको म्हणून. नवरा लाकूड कापतो आणि बायको त्याला डबा आणून देते, अशी सगळ्यांची समजूत. ज्यांनी आयुष्यात खिळा ठोकलेला नाही त्यांच्या समजुती अशाच असतात. टेबलावरच्या करवतीवर लांब फळी कापायची तर दोन माणसं लागतात. एकाने पुढून ढकलायची, दुसऱ्याने मागून झेलायची. झेलणाऱ्याने ओढायचं नसतं, नुसता आधार द्यायचा असतो. ओढलं, की ढकलणाऱ्याचा हात फळीबरोबर पात्याकडे जातो. सुतारीण मागे उभी राहायची आणि तिने कधी ओढलं नाही. सुताराची सगळी बोटं शेवटपर्यंत जागच्या जागी राहिली, यातलं निम्मं श्रेय तिचं. ते तिला कोणी दिलं नाही, आणि मागत बसायला तिला सवड नव्हती.

सुतार गेला तो साध्या तापाने. ताप आला, उतरला, परत आला, आणि परत उतरला तेव्हा सुतारही थंड झाला होता.

तेव्हापासून सुतारणीला काही वाटेनासं झालं होतं. दुःख झालं असतं तर बरं, निदान त्याला नाव तरी आहे. इथे नुसतंच काही नव्हतं. ती वेळेवर उठायची, जेवायची, झोपायची. कोणी काही विचारलं की ‘बरं’ म्हणायची. ती रडली नाही. भेटायला आलेल्या बायका आपापले रुमाल हातात धरून तिच्या तोंडाकडे बघत बसल्या, तिने त्यांना पाणी विचारलं. सासूने मात्र छाती पिटून असा आक्रोश केला की पलीकडच्या गल्लीतली माणसं धावत आली. त्या दिवसापासून सासूने सुनेशी बोलणं टाकलं. म्हणजे ‘मीठ दे’, ‘दार लाव’ एवढं चालू होतं, बाकी बंद. शेजारणीजवळ ती एकदा म्हणाली, “दगड आहे माझ्या घरात.” सुनेने ऐकलं. तेव्हाही तिला काही वाटलं नाही.

मग दिराने सगळी व्यवस्था लावली. दीर वाईट नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. मशीन विकायची, पुढची शेड आणि मागच्या दोन खोल्या घरमालकाला परत करायच्या. आईला तो आपल्याकडे नेणार. त्याच्या घरात एका माणसाची जागा होती, दोघींची नव्हती. वहिनीने तिच्या भावाकडे जावं. भावाशी तो परस्पर बोललाही होता. “सगळ्यांचंच भलं होईल,” तो म्हणाला. सासू म्हणाली, “तुम्ही ठरवाल ते.” सून म्हणाली, “बरं.” तुझ्याशिवाय माझं कसं व्हायचं, असं दोघींपैकी कोणी म्हटलं नाही. इतकी वर्षं एका चुलीपुढे भांडलेल्या दोन बायका सामान वाटून घेतल्यासारख्या वाटल्या गेल्या, आणि दोघीही मूग गिळून बसल्या.

सुतारीण दुसऱ्या दिवशी पट्टे आणायला गेली. दुकानदाराने तुटका पट्टा उलटा-सुलटा करून बघितला आणि तीन नवे काढून समोर ठेवले.

“एकच तुटलाय,” ती म्हणाली.

“तुमचे मिस्तरी पण हेच म्हणायचे. जन्मभर एकेकच नेला.” दुकानदाराने मान हलवली. “अहो, जुना पट्टा ताणलेला असतो. नवा एकटा घातला की सगळं ओझं तो एकटा ओढतो, बाकीचे दोघं नुसते गोल गोल फिरतात. मग तोही लवकर तुटतो. बदलायचे तर तिन्ही बदला.”

“बरं,” ती म्हणाली.

ठरलेल्या दिवशी सकाळची कामं उरकून तिने कामाला हात घातला. आधी प्लग काढला. टेबलाच्या बाजूची पत्र्याची झडप उघडली. आत भुसा गच्च बसला होता, तो ब्रशने काढला. तुटका पट्टा चाकाला लोंबत होता. उरलेले दोन चकचकीत झाले होते, आतून भेगाळले होते. काम काही अवघड नव्हतं, अडचण एकच होती. या मशीनची मोटर टेबलाखाली बिजागरीच्या पाटावर लोंबकळत असते, आणि तिच्याच वजनाने पट्टे ताणलेले राहतात. पट्टे काढायचे-घालायचे तर कोणीतरी मोटर उचलून धरायची. सुतार आडवा पडून खांद्यावर मोटर घ्यायचा, आणि सुतारीण तिचे बारीक हात आत घालून पट्टे सरकवायची. “लवकर कर बाई, मोटर आहे, नवरी नाही,” तो खालून ओरडायचा. दर वेळी हाच विनोद, आणि दर वेळी ती हसायची. आता त्या आठवणीने तिला हसू आलं नाही, की रडू आलं नाही. मोटर कशी उचलायची, एवढाच प्रश्न होता.

तिने एक जाड फळी घेतली. तिचं टोक मोटरच्या पाटाखाली सारलं, मध्ये ठोकळा ठेवला, आणि बाहेर आलेलं दुसरं टोक दाबलं. मोटर वर आली. पण टोक दाबून धरलं की हात आत पोचेना, आणि हात आत घातला की टोक वर यायचं. तिने टोकावर फेविकॉलचा मोठा डबा ठेवला. पुरेना. स्क्रूंची पेटी ठेवली. तीही पुरेना. वर लोखंडी शिकंजा ठेवायला गेली तर सगळी उतरंड कलंडली आणि स्क्रू शेडभर पसरले.

आवाज ऐकून सासू मागच्या खोलीतून दारात आली. कमरेवर हात ठेवून तिने सगळा पसारा बघितला.

“काय चाललंय?”

“मोटर उचलायचीय.”

“आणि हे काय, स्क्रू पेरतेस?”

सून खाली बसून स्क्रू गोळा करायला लागली. म्हातारीने फळी बघितली, ठोकळा बघितला, मोटर बघितली. एका सुताराची आई होती ती, दुसऱ्या सुताराची बायकोही होती. तिला कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

“ऊठ,” ती म्हणाली. “मी बसते.”

“कशावर?”

“तुझ्या डोक्यावर! फळीवर. दुसरं कशावर बसणार?”

आणि ती बसली. दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून, पाय जवळ घेऊन, बाकावर बसावं तशी. फळी थोडी खाली गेली, मोटर थोडी वर आली आणि अधांतरी थांबली. एके काळी सासूचं वजन बरं होतं, पण गेल्या काही महिन्यांत म्हातारी उतरली होती. सुनेच्या ते आत्ता लक्षात आलं. रोज तिला ताट वाढत होती आणि तिला दिसलं नव्हतं.

“कमी पडतंय,” सून म्हणाली.

“मग दे तो डबा मांडीवर. पेटीपण दे.”

मांडीवर फेविकॉलचा डबा, त्यावर स्क्रूंची पेटी, आणि वर हनुवटी टेकवून सासू बसली. टोक जमिनीला लागलं. मोटर पुरती वर आली. सुनेने आडवं होऊन खांद्यापर्यंत हात आत घातला.

“उठू नका,” ती म्हणाली. “उठलात तर माझी बोटं गेली.”

“कळतं मला.”

जुने पट्टे सैल पडले होते, पण रबर चाकाच्या खोबणीला चिकटलं होतं. एकेक सोलल्यासारखा काढावा लागत होता. शेडमध्ये तेवढाच चरचर आवाज होता. सासूला उठता येत नव्हतं, सुनेला हात काढता येत नव्हता. महिनोन्‌महिने एकमेकींना चुकवत आलेल्या या दोघींची आता चांगलीच अडचण झाली.

“तू रडली नाहीस,” सासू म्हणाली.

सुनेचा हात थांबला नाही. पहिला पट्टा निघाला. “नाही.”

“माझा लेक होता तो.”

“हो.”

“मग का नाही रडलीस?”

“आलंच नाही, आई.” तिचा गाल जमिनीवरच्या भुशाला लागला होता. “मला काही वाटतच नाही. त्यांचं नाव घेतलं तरी नाही, तुम्ही दगड म्हणालात तेव्हाही नाही. परवा भाऊजी बटण दाबत होते, मला पाचर दिसत होती. तरी गप्प राहिले. आत कोणी नसल्यासारखंच झालंय.”

सुनेने दुसरा पट्टा काढून बाहेर टाकला.

“मलाही नाही,” सासू म्हणाली.

“काय?”

“वाटत. मलाही काही वाटत नाही.” म्हातारी समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होती. “बायका येऊन बसल्या, माझ्याकडे बघायला लागल्या. आई रडत नाही म्हणजे काय? म्हणून ओरडले. एकदा ओरडले तर थांबायचं कसं ते कळेना. आत सगळं कोरडं ठाक होतं. आणि तू नुसती बसलेलीस. मला तुझा इतका राग आला! म्हटलं, ही बघ, हिला सोंगसुद्धा करायला लागत नाही.”

“नवे पट्टे द्या,” सून म्हणाली. “पायापाशी आहेत तुमच्या.”

सासूने हनुवटीने पेटी दाबून धरली, वाकली आणि एकेक पट्टा तिच्या हातात दिला. सगळ्यात आतली खोबणी आधी, मग मधली, मग बाहेरची. नवं रबर ताठ असतं. स्क्रूड्रायव्हर घालून चढवलं तर पट्ट्याच्या आतले दोरे तुटतात, म्हणून तिने बोटांनीच चढवले. तिसरा बसल्यावर हात बाहेर काढला आणि म्हणाली, “आता सावकाश उठा. एकदम नको.”

सासू सावकाश उठली. मोटर खाली आली आणि पट्टे ताणले गेले. सुनेने तिन्ही पट्टे अंगठ्याने दाबून बघितले, चाक हाताने फिरवलं, झडप लावली, प्लग जोडला. मग सासूला मागे सरायला सांगून बटण दाबलं. मशीन चालली. कुठे खडखड नाही, वास नाही. एका फळीच्या तुकड्याची कड तिने कापून बघितली. अगदी सरळ आली. तिने मशीन बंद केली.

“झालं,” ती म्हणाली.

सासू पातं थांबेपर्यंत बघत राहिली. “चालली. म्हणजे गेली.”

“हो.”

“म्हणजे मी त्याच्याकडे, तू तुझ्या भावाकडे.”

“हो.”

“तुला जायचंय?”

“माहीत नाही.”

“मलाही माहीत नाही.” म्हातारीने हात झटकले. “पण मग माहीत नसताना कशाला जायचं? जरा काही वाटायला लागेपर्यंत तरी थांबू. मग जायचं तर जाऊ.”

सून तिच्याकडे बघत राहिली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी बोललेलं तिला नीट कळलं होतं.

“पट्टे परत काढायला किती वेळ लागतो गं?”

“घालायला लागला त्याच्या निम्मा.”

“मग प्लग काढ,” सासू म्हणाली, आणि डबा-पेटी घेऊन परत फळीवर जाऊन बसली.

दीर आणि फर्निचरवाला आले तेव्हा दोघींनी हात धुतलेले होते. या खेपेला दिराने आधी वाकून पात्याची खाच तपासली, एवढं तरी तो शिकला होता. मग बटण दाबलं. मोटर घुं घुं करत एकटीच फिरली. पातं ढिम्म. त्याने बंद केली, झडप उघडून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

“वहिनी, पट्टे कुठायत?”

“नाही जमलं रे,” सासू म्हणाली. चेहरा असा की कोणालाही दया यावी. “मोटर जड, मी पडले म्हातारी. वजनच पुरेना माझं.”

“आई, तू कशाला त्यात पडलीस? म्हणत होतो ना मी, फिटर बोलावतो!”

“राहू द्या हो,” फर्निचरवाला म्हणाला. समजूतदार माणसं अशा वेळी फार त्रास देतात. “मोटर फिरतेय, बास. पट्टे माझा माणूस बसवेल. टेंपो उभाच आहे. नवे पट्टे आणलेत ना? तेवढे द्या.”

हे दोघींच्या हिशेबात नव्हतं. सासूजवळचं सोंग संपलं होतं. तिने सुनेकडे बघितलं. दीर आणि फर्निचरवाला, दोघंही सुनेकडेच बघत होते. सुतारणीच्या जिभेवर ‘बरं’ आलं. रोजचाच शब्द, सवयीचा. तो म्हटला की टेंपो भरणार होता.

“नाही,” ती म्हणाली.

“नाही म्हणजे? आणले नाहीत?”

“आणलेत. बसवले होते. चालवून बघितली, चांगली चालली. मग आम्ही दोघींनी परत काढले.” तिचा आवाज तिलाच ओळखू येत नव्हता. “मशीन द्यायची नाही, भाऊजी.”

दीर आईकडे बघायला लागला. आई छताकडे बघत होती.

“अहो वहिनी, असं काय करता? आता ती चालवणार कोण? दादा तर...”

“मी चालवीन. आधीही निम्मी मीच चालवत होते, तुम्ही कधी बघितलं नाहीत एवढंच. आणि आई इथेच राहतील. माझ्याजवळ. मी इतकी वर्षं ह्यांच्या मागे...”

पुढचं वाक्य आलंच नाही. त्याच्या जागी भलतंच काहीतरी आलं, पोटातून, वाकडंतिकडं, एखाद्या जनावराने ओरडावं तसं. तिने टेबलाची कड धरली. नाकातोंडातून पाणी वाहायला लागलं आणि ती खाली भुशात बसली. तिने पहिल्यांदाच नवऱ्याला त्याच्या नावाने हाक मारली, मग परत मारली, आणि मग तिला दुसरं काही बोलताच येईना.

दीर घाबरला. “वहिनी! अहो, नाही विकत! राहू दे ती मशीन! आई, पाणी आण. बघ ना, काय झालं यांना?”

“काही झालेलं नाही,” सासू म्हणाली. “तिचा नवरा गेलाय.”

ती गुडघे धरत सुनेच्या शेजारी भुशात बसली आणि तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. मग फर्निचरवाल्याला म्हणाली, “तुम्ही टेंपो पाठवून द्या. हिला वेळ लागेल.”

फर्निचरवाला बाहेर गेला. दीर त्याच्यामागे जाऊन दारातच घुटमळला. सासू सुनेच्या केसांतला भुसा वेचत राहिली. तिचे स्वतःचे डोळे अजून कोरडेच होते.